देवदारांत तंबू टाकण्याआधी

मे महिन्याच्या सुट्टीत हर-की-दूनला जायचे, हे आमच्या घरात रमजान सुरू होण्याआधीच ठरले होते. बकरी ईदच्या आत परत यायचे होते, त्यामुळे मेचा पहिला पंधरवडाच हाताशी होता. माणसे सहा. अब्बा, वय ६६, रोज रक्तदाबाची गोळी. गुडघ्यांनी बेजार अम्मी. आम्ही दोघे नवरा-बायको, धाकटा भाऊ आणि आमची बारा वर्षांची लेक. रत्नागिरीत जन्मभर समुद्राच्या पातळीला राहिलेली ही मंडळी हिमालयाच्या जंगलात तंबूत झोपणार, याचे मोहल्ल्यात पुष्कळ दिवस हसू होत होते.

हर-की-दून उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी असे करत सांकरीपर्यंत साधारण दोनशे किलोमीटर, पण सगळा घाटरस्ता, त्यामुळे पूर्ण दिवस धरायचा. वाटेत नैटवाडला रूपिन आणि सूपिन या दोन नद्या मिळतात आणि पुढे त्यांचे नाव टोन्स होते. याच भागात १९५५ साली गोविंद पशुविहार हे अभयारण्य झाले. जंगलात जायला वनखात्याचा परवाना लागतो. ओळखपत्रांच्या चार-चार प्रती घरूनच काढून नेल्या, ते बरे झाले.

तयारीत सर्वांत जास्त वेळ गेला तो उंचीच्या हिशेबात. सांकरी १,९२० मीटरवर, ओसला गावासमोरचे सीमा साधारण २,६०० वर, कलकत्तीधार ३,००० च्या आसपास आणि हर-की-दून ३,५६६ मीटरवर. साडेतीन हजार मीटरवर एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, तो समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशच असतो. शरीर हे सोसते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेले की झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. दिवसा वर जाऊन यावे, झोपावे मात्र खाली. म्हणून सांकरीला दोन रात्री, सीमाला दोन रात्री, कलकत्तीधारला एक, आणि हर-की-दूनला फक्त दिवसा जाऊन यायचे, असे ठरले. चार दिवसांत सगळे उरकून आणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याबरोबर म्हातारी माणसे आणि मुले नसतात.

खरा पेच अब्बांचा होता. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या आणि हळू चालण्याच्या अटीवर परवानगी दिली. तरी आमच्या मनात धाकधूक होती. त्यांनी सीमालाच अम्मीसोबत थांबावे, असे भावाने आडून सुचवून पाहिले. अब्बा म्हणाले, "मला नेणार असाल तर चालायला न्या. राखणीला बसवायला नेऊ नका." शेवटी जेवणाच्या दस्तरखानावरच एक कागद लिहिला. डोके दुखते आणि सोबत मळमळ किंवा उलटी आहे, तर तिथून वर एक पाऊलही नाही. आराम पडला नाही तर खाली उतरायचे. चालताना तोल जातो किंवा बसल्या जागी धाप लागते, तर रात्र असली तरी उतरायचे. कोणाबरोबर कोण उतरेल, हेही लिहिले. आजाऱ्याने "मी ठीक आहे" म्हटले तर ते धरायचे नाही. लेकीने सुंदर अक्षरात तो उतरवून काढला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लिहिताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर अब्बाच होते, आणि ते त्यांनाही कळत होते.

सामानाचे थोडक्यात सांगतो. मेमध्येही वर रात्री पारा शून्याजवळ येतो, म्हणून सुती कपडे कमी आणि लोकरीचे जास्त घेतले. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्या रात्री अंथरुणात घेऊन झोपायचे. एवढ्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा कच्चाच राहतो. तीन लिटरचा कुकर खेचरावर लादला आणि तो रोज कामाला आला. रेल्वेत गॅसचे सिलिंडर नेता येत नाही, म्हणून शेगडी आणि गॅस सांकरीच्या वाटाड्याकडून घेतले. कितीही गारठा असला तरी तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. तिच्या धुरातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. लाकडे तोडून शेकोटीही करायची नाही. मेमध्ये खालच्या चीडच्या जंगलात वणवे लागतात, ते येताना आम्ही पाहिलेच होते.

अम्मींनी सुकट आणि सोडे बांधून ठेवले होते. ते काढून ठेवायला लावले, तेव्हा घरात थोडी वादावादी झाली. पण या जंगलात काळे अस्वल आहे आणि सुकटीचा वास त्याला आमच्याआधी कळेल. वर हलाल गोश्ताची शाश्वती नाही, म्हणून राजमा, डाळ, अंडी, बटाटे यांवरच भागवायचे ठरले. तिकडचा राजमा इतका चवदार की चौथ्या दिवसापर्यंत गोश्ताची आठवण कोणी काढली नाही.

नमाजची तयारी घरूनच करावी लागते. खोल दरीत सूर्य चार-साडेचारलाच डोंगराआड जातो, म्हणून मगरिबची वेळ होत नाही. डोळ्यांवर न विसंबता सांकरीचे वेळापत्रक छापून नेले, कारण तिथून पुढे फोनवर भिस्त ठेवता येत नाही. किब्ला कोकणात पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे झुकतो, तिकडे तो थोडा दक्षिणेकडे झुकतो. साधे होकायंत्र पुरते. कसर आणि तयम्मुमचे मसले आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घेतले. वुजू मात्र झऱ्यात बसून करायचा नाही. लोट्यात पाणी घ्यायचे आणि दूर जाऊन सांडायचे, कारण खालच्या गावातली माणसे तेच पाणी पितात. शौचाचा खड्डा पाण्यापासून साठ मीटर तरी लांब हवा.

तंबूची जागा स्वतःच्या मनाने निवडता येत नाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली. त्यामुळे वनखात्याच्या माणसांनी दाखवलेल्या जागीच तंबू लागतो. त्यातही वर पाहायचे: वाळलेली फांदी लटकत असेल तर तिच्याखाली झोपायचे नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रातही नाही.

जाताना मोरीच्या अलीकडे वनगुज्जरांचा एक कबिला म्हशी घेऊन चढताना भेटला. शिवालिकच्या पायथ्याहून उन्हाळ्यात वर आणि थंडीत खाली, हे या मुस्लिम गुराख्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक आहे. सलाम-दुआ झाली. त्यांच्यातल्या एका बुजुर्गांनी आमचे सामान पाहिले आणि अब्बांना विचारले, "इतने दिन के लिए इतना?" त्यांचे अख्खे घर दोन घोड्यांवर होते. वर चराईला जाण्याचा परवाना यंदा मिळेल की नाही, याची काळजी ते बोलून दाखवत होते. आमचा परवाना चौकीवर अर्ध्या तासात झाला. हे मनाला लागून राहिले.

सीमापर्यंत सगळे छान झाले. अम्मी तिथेच थांबल्या. देवदार, मग फर, मग पांढऱ्या सालीचे भोजपत्र, असे झाडांचे कपडे बदलत आम्ही कलकत्तीधारला पोहोचलो. पहाटे फजरला उठलो तेव्हा अब्बा वुजू करून तयार होते. लेक अंथरुणातच होती. डोके दुखते म्हणाली, आणि पाच मिनिटांत उलटी. लगेच, "मी ठीक आहे, दुपारपर्यंत थांबू या." अब्बांनी खिशातून तो कागद काढला आणि काही न बोलता तिच्यापुढे धरला. ती रडली. तिच्याबरोबर कोण उतरणार, हे लिहिलेलेच होते. आम्ही दोघे, एक खेचर आणि वाटाड्याचा पुतण्या, उजाडताच खाली निघालो. अब्बा आणि भाऊ वाटाड्यासोबत वर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा सीमाला परतले. चेहरा उन्हाने काळवंडलेला, चाल संथ, पण सरळ. स्वर्गारोहिणीचे शिखर अगदी समोर दिसले म्हणाले आणि फोटो दाखवायला बसले. लेकीने एक-दोन पाहिले आणि ती दादीच्या हातच्या खिचडीकडे वळली. ती तिसऱ्यांदा वाढून घेत होती.