रडायची भाषा
दिंडोरीच्या कब्रस्तानात अम्मीच्या कबरीवर तीन-तीन मुठी माती टाकली, तेव्हा आम्हा भावांपैकी कुणी रडलं नाही. घरी बहीणही गप्पच. दुवा अरबीत, सांत्वन दखनीत आणि आमचं शिक्षण सारं मराठीत. रडावं कोणत्या भाषेत?

चाळीसावा झाला, पाहुणे पांगले. मग थोरल्याने बहिणाबाईंची गाणी काढली. बाई १९५१ साली गेल्या, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माऊलीने आपलं वैधव्य कामाच्या रगाड्यात गाण्यांतून सांगितलं. अम्मीही निरक्षर. अब्बांमागे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत राबून तिने आम्हाला वाढवलं. वाचता वाचता बहिणीचा आवाज कातरला आणि आम्ही सगळेच रडलो. कविता दुःख हलकं करते म्हणतात. आमचं तर त्या रात्री वाढलंच.

गालिबने मुलासारखा वाढवलेला आरिफ १८५२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याच्यावरच्या गझलेत गालिब चक्क त्याच्यावर रुसतो, एवढी घाई कसली म्हणून! अम्मीवर रुसायची आमची हिंमत नाही. मधल्याने मात्र चार ओळी लिहिल्या. त्यांत छाटणीची कात्री आली, पहाटेची थंडी आली. मृत्यू हा शब्द त्याने दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला.