खुडूक कोंबडीची चोवीस अक्षरं

अकोले तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही बचत गटातल्या बायकांना सुधारित जातीची पिल्लं वाटत होतो. वजन किती भरेल, वर्षाकाठी अंडी किती मिळतील, हे मी सांगत होते. सगळं ऐकून घेतल्यावर एका बाईंनी एवढंच विचारलं, "मॅडम, ही खुडूक बसती का?"

"नाही, सहसा बसत नाही," मी उत्साहानं म्हणाले. बाईंनी हातातलं पिल्लू परत डालग्यात ठेवलं.

माझ्या कामाची अर्धी वर्षं या खुडूकपणाच्या मागे गेली आहेत. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग अंग फुलवून कोपरा धरते. दाणापाणी सुटतं, जवळ गेलं की चोच मारते. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला इशारा जातो आणि रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढतं. ते चढलं की अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं उतरतात, अंडाशय आकसतो, अंडी बंद होतात. उबवणीचे २१ दिवस आणि पुढे पिल्लांमागे हिंडण्याचे काही आठवडे. तिला लवकर उठवायचं तर खेड्यात पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात. पिसाचा प्रकार मला कधीच बघवला नाही. पण गार पाण्याचं कारण समजतं: पोटाखालची ऊब आणि स्पर्श तुटला की प्रोलॅक्टिन भराभर उतरतं.

या प्रोलॅक्टिनचं जनुक कोंबडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. २००४ साली एका लाल रानकोंबडीच्या जनुकसंचाचं वाचन प्रसिद्ध झालं. डीएनएची सुमारे १०० कोटी अक्षरं. एवढ्या पसाऱ्यात, या जनुकाचं काम जिथून कमी-जास्त होतं त्या भागात, २४ अक्षरांचा एक तुकडा काही कोंबड्यांत असतो, काहींत नसतो. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये तो बहुतेक सगळ्यांत सापडतो, आणि लेगहॉर्न तर खुडूक बसणं जवळजवळ विसरलेली जात. पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, तेवढाच भाग पीसीआरनं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा आणि लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर पळवायचा. तुकडा असेल तर पट्टा जरा वर थांबतो, नसेल तर खाली उतरतो. दोन्ही पट्टे दिसले, तर एका पालकाकडून एक रूप आणि दुसऱ्याकडून दुसरं आलं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कोंबड्याचंही रक्त चालतं. तो अंडी घालत नाही, पण लेकींना निम्मा वारसा त्याचाच.

तरीही ही खूण म्हणजे खुडूकपणाचं बटण नव्हे. काही जातींत तिचा अंड्यांशी संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. खुडूकपणामागे अनेक जनुकं आहेत. एका पट्ट्यावर सगळा कळप निवडणं मला मान्य नाही.

वाढीच्या बाबतीत मात्र एकच जनुक मोठी उलथापालथ करतं. ठेंगू कोंबडीत वाढीचं संप्रेरक भरपूर असतं, पण ते पकडणारा ग्राहक-रेणू बिघडलेला असतो. हा बिघाड झेड गुणसूत्रावर आहे. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू, नराकडे दोन झेड. त्यामुळे ठेंगू आईला धडधाकट बाप दिला, की लेकींना झेड बापाचाच मिळतो आणि त्या पुऱ्या वाढतात. मुलगेही फारसे मागे राहत नाहीत. आई लहान, खाणं कमी, पिल्लं मोठी. ब्रॉयलरच्या मातृपिढीत या 'दोषा'चा उपयोग करून घेतला गेला, तो यासाठीच.

मग खुडूकपणा तरी दोष कुणासाठी? हजारो पक्ष्यांच्या अंडी-फार्मवर, जिथे उबवणीला यंत्र आहे, तिथे नक्कीच. वाडीत यंत्र नाही, वीज जाते-येते. तिथे खुडूक कोंबडी हेच यंत्र. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज आपल्या खेड्यांत रुळल्या, पण पुढची पिल्लं कोण काढणार, हा प्रश्न त्यांच्याही मागोमाग आला. परसासाठी जात निवडताना आता मी बायकांना आधी विचारते आणि मग जेलकडे वळते.

वर्षभरानं त्या वाडीत पुन्हा गेले. बाईंनी शेवटी चार पिल्लं ठेवून घेतली होती. त्यांनी मला घराच्या मागच्या पडवीत नेलं. टोपलीत, भाताच्या पेंढ्यावर, एक म्हातारी गावरान कोंबडी अंग फुलवून बसली होती. खाली अंडी आमच्या कोंबड्यांची. मी रक्ताची सुई काढायला पिशवीत हात घातला, तशा बाई म्हणाल्या, "आज नको, मॅडम. अठरावा दिस हाय."