लाल काचेतला माणूस

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) गंभीर चर्चेस पात्र मानला जात नाही, आणि त्याची कारणे उघड आहेत. झगमगीत गणवेशातला, सिंहासनाच्या हातावर बोटे नाचविणारा मोगँबो; सेवकांनी आज्ञेसरशी उड्या टाकाव्यात असे आम्लाचे कुंड; पुठ्ठ्याची वाटावीत अशी क्षेपणास्त्रे; आणि मनगटावर बांधताच माणूस नाहीसा करणारे यंत्र. विज्ञानाचा यात लवलेश नाही. तथापि भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत वाढलेल्या एका मराठी गृहस्थाला हा चित्रपट केवळ गंमत म्हणून कधीच पाहता आला नाही.

त्याचे वडील भंडाऱ्याकडून आलेले. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला, पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, आणि या पोलादनगरीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांतील काहींची नावे हजेरीपटावर चढली. काही ठेकेदाराच्या तोंडी हिशेबातच राहिली. वडील दुसऱ्या प्रकारचे.

अदृश्यतेची कथा जुनी आहे. प्लेटोने सांगितलेली गायजीसची अंगठी असो वा वेल्सची १८९७ ची कादंबरी, तेथे न दिसणे म्हणजे सत्ता. लोकांच्या नजरेचा धाक संपला की माणूस राज्य बळकावतो, खून करतो. अरुण वर्माला तसला मोह पडत नाही, आणि पटकथाकार सलीम-जावेद यांची खरी मर्मदृष्टी येथेच आहे. पोरक्या मुलांना सांभाळणारा, भाडे थकलेला हा मनुष्य यंत्र हाती येण्यापूर्वीच कोणाच्या खिजगणतीत नसतो. ज्या अदृश्य पुरुषावर सीमा भाळते, तोच आपल्या घरात रोज समोर वावरतो हे तिला उमगत नाही. एकाच माणसाचे हे दोन तुकडे गाण्याबजावण्याच्या गदारोळात सहज नजरेआड होतात.

यंत्र मिळते तेही अकाली नाहीशा झालेल्या शास्त्रज्ञ पित्याचा वारसा म्हणून. बापाची एकच वस्तू हाती लागावी आणि ती अंगावर चढविताच मुलानेही बापासारखेच नाहीसे व्हावे, ही कल्पना एखाद्या मनोविश्लेषकाच्या टिपणवहीत शोभली असती. (त्या वारशाची वाट दाखविणारे प्राध्यापक सिन्हा म्हणजे अशोककुमार, नानाभाई भट्ट यांच्या १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये ते स्वतःच अदृश्य झाले होते.)

हा अदृश्य माणूस लाल प्रकाशात मात्र दिसतो. मुंबईच्या प्रेक्षकाला ही पटकथेची सोय वाटेल. खुर्सीपारच्या मुलाला ती तशी वाटली नाही. वितळलेली मळी ओतली जाई तेव्हा रात्रीचे आभाळ तांबडे होई, आणि पाळीवरून परतणाऱ्या माणसांच्या आकृती क्षणभर उजळत. दिवसा त्यांच्याकडे कोण पाहणार? त्यांना नियमित नोकरी द्या, ही मागणी भिलाईत पुढे उग्र झाली. तिचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

चित्रपटाचा सर्वांत खोल क्षण शेवटाकडे येतो. मुलांच्या जिवावर बेतते तेव्हा अरुण मोगँबोपुढे कबूल करतो, की मिस्टर इंडिया मीच. पण यंत्र हरवलेले असते. नाहीसे होऊन दाखविल्याखेरीज तो तोच आहे, हे सिद्ध होणार नाही. आणि ते त्याला जमत नाही.

वडिलांचा हात भाजला तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने त्यांच्याकडे कागद मागितला होता. तुम्ही येथे कामाला होता, याचा पुरावा काय? वडिलांनी हात पुढे केला. तो ग्राह्य धरला गेला नाही.

पुढे घरी दूरचित्रवाणी आली आणि हा चित्रपट अनेकदा पाहिला गेला. मोगँबोच्या प्रत्येक वाक्याला वडील पोट धरून हसत. अरुणच्या कबुलीजबाबाचा प्रसंग आला, की मात्र ते पाणी प्यायला म्हणून उठत आणि मारामारी सुरू झाल्यावरच परत येऊन बसत. आईने एकदा विचारलेही, “अहो, दर वेळी नेमकी आत्ताच कशी तहान लागते?” त्यांनी उत्तर दिले नाही.