एकच भाषा बोला

‘घरात एकच भाषा बोला’ हा सल्ला ज्या कोणा डॉक्टरांनी त्या बाईंना दिला, त्यांचे नाव मी विचारले नाही. परंतु त्या सल्ल्याचा संताप अद्याप उतरलेला नाही. बंगळूरजवळ, होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बेळगाव-निपाणीकडची काही मराठी कुटुंबे कारखान्यांच्या पाळ्यांमागोमाग येऊन वसली आहेत. त्यांतलीच ही आई माझ्या बाह्यरुग्ण विभागात, भावी बालरोगतज्ज्ञांच्या घोळक्यासमोर, अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती.

मुलगा बोलत नव्हता. विद्यार्थ्यांनी वजन, उंची, डोक्याचा घेर यांची नोंद केली, श्रवणचाचणीचा अहवाल निर्दोष असल्याची खात्री करून घेतली, आणि ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा मारण्याच्या बेतात ते आले. तेवढ्या अवधीत पोर जमिनीवर डब्याचे झाकण गरगर फिरवीत होते, नावाने हाक मारली तरी मान वळवीत नव्हते, आणि तहान लागताच आईच्या तोंडाकडे न पाहता तिचे मनगट धरून, जणू ते एखादे अवजार असावे तसे, पाण्याच्या बाटलीवर नेऊन ठेवीत होते, हे एकाच्याही ध्यानात आले नाही. तेव्हा मी सर्वांना स्टेथोस्कोप खिशात घालून खाली बसायला लावले आणि पंख्याकडे बोट दाखवल्यावर मूल तिकडे पाहते की नाही, पाहून पुन्हा आपल्याकडे वळते की नाही, हे न्याहाळण्यास सांगितले. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांतील स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाचपणीसाठी असलेल्या ‘एम-चॅट’ प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीचा पहिलाच प्रश्न या खुणेविषयी आहे.

पण मी अडखळले ती आईच्या हकिगतीपाशी. घरी मराठी, शेजारी कन्नड, कारखान्यात हिंदी, या गोंधळाने मूल मुके राहिले आहे, पुढे शाळा इंग्रजीच, तर आतापासून तीच बोला, असा हुकूम झाल्यावर दहावी शिकलेल्या या बाईने वर्षभर मुलाशी मराठी वर्ज्य केली होती. “मॅडम, इंग्लिशमध्ये त्याला लाडानं काय म्हणायचं तेच मला येईना,” ती म्हणाली, “मग मी गप्पच राहायला लागले.” वस्तुतः अनेक भाषा कानी पडल्याने स्वमग्नता उद्भवत नाही की बळावत नाही, द्विभाषिक घरांतील स्वमग्न मुले एकभाषिक घरांतील मुलांच्या मागे पडत नाहीत, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर आईच्या शीतल स्वभावावर खापर फोडण्याची जी रूढी पडली, ती केव्हाच निकालात निघाली, असे आम्ही वर्गात शिकवतो. मला मात्र ती वेषांतर करून दवाखान्यांत वावरताना दिसते.

त्या दिवशी काहीच ध्यानात न आलेल्या विद्यार्थ्यांचे आता तर उलटेच झाले आहे. त्यांना प्रत्येक बुजऱ्या मुलात स्वमग्नता दिसू लागली असून, आईच्या पदराआडून हळूच डोकावणाऱ्या, आणि नजर मिळताच खुदकन हसणाऱ्या एका मुलीच्या कागदावरही तशी शंका नोंदवलेली पाहून मी चिडले. तरीही, उशिरा पाहण्यापेक्षा अंमळ अधिक पाहिलेले बरे, असेही वाटते. या दोहोंचा मेळ मला घालता आलेला नाही.

हल्ली केसपेपरावर, आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते, हे लिहिण्याचा आग्रह मी धरते. त्यासाठी रकानाच नाही, अशी तक्रार एका विद्यार्थिनीने केली, तेव्हा समासात लिहा म्हटले. छापील नमुना बदलण्याविषयीचा माझा अर्ज वरिष्ठांच्या दप्तरी पडून आहे.