पाणी बघायला

आषाढ सरत आला की आमच्या घरात कुणीतरी विचारतंच, "रविवारी पाणी बघायला जायचं का?" कुठलं पाणी, कुठे, हे कुणी विचारत नाही. दौलताबादवरून वर घाटाने खुलताबाद, तिथून म्हैसमाळ, उतरताना वेरूळ. छत्रपती संभाजीनगरातल्या कित्येक घरांचा पावसाळा याच रस्त्याने जातो.

आमच्या शहराला वर्षभरात मिळून साधारण ७०० मिलिमीटर पाऊस मिळतो. तोही हप्त्याहप्त्याने. जूनच्या पहिल्या आठवड्यात केरळात उतरलेला मोसमी वारा सह्याद्रीवर चढताना आपलं बहुतेक पाणी तिथेच सांडतो; महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पडतं ते त्यामुळे. घाटमाथा ओलांडून आमच्यापर्यंत पोचतात ते हलके झालेले ढग. जुलैत आठवडेच्या आठवडे ते डोक्यावरून पूर्वेकडे जाताना दिसतात, सावली देतात, थेंब देत नाहीत. म्हणून इथे पावसाची नोंद माणसं मनात ठेवतात. मृग कोरडा गेला, आर्द्रात दोन सरी झाल्या, पुष्यात जमीन भिजली, असं आई आजही बोलते. पंचांगात नक्षत्राचं वाहन काय दिलंय, बेडूक की म्हैस की कोल्हा, ते ती चष्मा लावून बघते आणि घरभर सांगते. १९७२ चा दुष्काळ तिने तरुणपणी पाहिला आहे. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बायकांच्या हातांच्या गोष्टी ती सांगते, तेव्हा घरातली मुलं जेवता जेवता थांबतात.

सुट्टीचा विषय निघाला की धाकट्या वहिनीला दक्षिणेतले डोंगर आठवतात, मुन्नार, उटी, कूर्ग. तिचं म्हणणं मला पटतं. आम्ही सगळे एका जुलैत कूर्गला गेलो होतो. तिथला पाऊस दिवसरात्र चालला होता. कॉफीच्या मळ्यांवर, मिरीच्या वेलींवर, कौलांवर, आणि रात्री उशीशी कान लावला तर जमिनीतूनही त्याचा आवाज यायचा. मुलं खुळावून गेली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळेनात तेव्हा वहिनी कंटाळली, पण आई खिडकीपासून हलली नाही. इतकं पाणी एका जागी, एकाच दिवशी, आणि कुणी घागर लावत नाही, कुणी पातेलं ठेवत नाही, हे ती डोळे भरून बघत होती.

तलकावेरीला मात्र ती हट्टाने निघाली. कावेरी जिथे उगम पावते असं मानतात, ते छोटं कुंड ब्रह्मगिरी नावाच्या डोंगराच्या उतारावर आहे. धुकं इतकं की कुंडापाशी उभं राहिल्यावरच कुंड दिसलं. आईने ओंजळ भरून घेतली, डोळ्यांना लावली आणि विचारलं, "हे पाणी जातं कुठे?" मी म्हटलं, कर्नाटकातून तमिळनाडूत, मग बंगालच्या उपसागरात. "म्हणजे आपल्या गोदावरीच्याच घरी," ती म्हणाली. आमची गोदावरीही त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवते आणि तो डोंगरही ब्रह्मगिरीच. दोन दूरच्या नद्या, एकाच नावाच्या डोंगरांवरून, एकाच समुद्राकडे. आईला हे माहीत असल्याचं मला तोवर माहीत नव्हतं.

त्या प्रवासानंतर आमच्या डोंगरांकडे माझं लक्ष जास्त जायला लागलं. हिरवेपणात, उंचीत, कशातच ते कूर्गच्या पासंगाला पुरत नाहीत. पण कूर्गचं हिरवं बारा महिन्यांचं. आमचं हिरवं जुलैत येतं, दिवाळीपर्यंत पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. ते बघायला वेळेवर जावं लागतं.

देवगिरीच्या तटातल्या वेशीतून रस्ता आत शिरतो तिथून आमची सुट्टी सुरू होते. श्रावणातल्या सुट्टीच्या दिवशी या वेशीपाशी गाड्यांची रांग लागते, आणि मला ती रांग आवडते. तेवढ्या वेळात किल्ला नीट बघून होतो. उन्हाळ्यात हा डोंगर नुसता तासलेला काळा कडा दिसतो. पावसात त्याच्या कड्यांवरून पाण्याच्या बारीक रेषा उतरतात, तटाच्या दगडांत गवत उगवतं आणि यादवांची ती राजधानी, महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून लोक आणून वसवलेली ती राजधानी, पुन्हा एकदा साधा डोंगर होते. खंदकात पाणी साचलेलं असतं. रस्त्याकडेला बायका पेरू घेऊन बसतात. सीताफळांची झुडपं ओलीकच्च, फळं अजून सुपारीएवढी. ती पिकतील दसरा-दिवाळीच्या सुमाराला.

घाट चढला की कागजीपुरा. हातकागद करणाऱ्यांचं हे गाव. तुघलकाच्या काळात कागद करणारी घराणी इथे आली असं सांगतात. मग खुलताबाद. एवढ्याशा गावात किती माणसं मुक्कामाला आहेत! सुफी संत आहेत, उघड्या आभाळाखाली साध्या मातीत औरंगजेब आहे, निजलेल्या मुद्रेतला भद्रा मारुती आहे. आणि गावाच्या कडेला एका घुमटाखाली मलिक अंबर आहे, ज्याच्याबद्दल मला मुलांना दरवेळी काहीतरी सांगायचं असतं.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आमचं शहर. पण शहर वसवणं म्हणजे वाडे बांधणं एवढंच नसतं, हे त्याला कळत होतं. उत्तरेकडच्या डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, खापरी नळांतून त्याने गावात आणलं. वाटेत उंच बंबे उभारले, पाण्याचा दाब सांभाळायला आणि आत अडकलेली हवा बाहेर जायला. पंपाविना, नुसत्या उतारावर भरवसा ठेवून. पुढे अशाच एका नहरीच्या पाण्याच्या धारेवर पाणचक्कीचं जातं फिरलं. माझ्या आत्याच्या लहानपणी त्यांच्या मोहल्ल्यात नहरीचंच पाणी भरत. आज आमच्या नळाला येतं ते जायकवाडीचं, पैठणहून पंपाने वर चढवलेलं. म्हणजे मुख्यतः नाशिक-नगरकडे पडलेला पाऊस. आम्ही दुसऱ्यांच्या डोंगरांवरचं पाणी पितो आणि तेही दिवस मोजत, कारण आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते आठवडाभर आधी विचारून ठेवावं लागतं. १६२६ साली मलिक अंबर गेला आणि आपल्या पाण्याच्या डोंगरांतच निजला. त्याच्या कबरीवर पाऊस वाजत असताना मुलांना हे सांगितलं की ती ऐकतात. वर्गात त्यांनी ऐकलं नसतं.

खुलताबादहून म्हैसमाळ बारा-तेरा किलोमीटर. लोक त्याला मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात. मला हे बिरुद पटत नाही. म्हैसमाळला कुणाची उपमा कशाला? मोकळं, गवताळ पठार, मध्ये गिरिजादेवीचं देऊळ, बालाजीचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा आणि कडेला एकाएकी तुटलेली जमीन. बस्स. ढग उतरला की मनोऱ्याचं टोक आधी जातं, मग देवळाचं शिखर, मग समोरचा माणूस. मुलं एकमेकांना हाका मारत धुक्यात पळतात. पायांखाली टाकळा, कुर्डू, भादव्यात गुलाबी तेरडा, झुडपांवर चढलेली कळलावी. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वह्या घेऊन इथे वाकलेले दिसतात. एका वर्षी त्यांच्यातल्या एका मुलीने माझ्या भाचीला भिंगातून तेरड्याच्या फुलाची शेपटी दाखवली. मकरंद त्या शेपटीत असतो. भाची त्या दिवसापासून फूल तोडत नाही, वाकून बघते.

आडोसा बघून आम्ही डबे उघडतो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीच्या धपाट्याला ओल्या हवेत चव चढते असं आत्याचं ठाम मत आहे आणि तिच्याशी कुणी वाद घालत नाही. पाऊस वाढला तर चहाच्या टपरीत शिरायचं. टपरीवाला आईला बघून आधी बाकडं पुसतो, "अम्मा, अंदर बैठो, हवा लगेगी," म्हणतो आणि कणसं भाजायला निखारे फुलवतो.

इथल्याच उतारांवर गिरिजा नदीची सुरुवात होते. गवतातून बोटभर रुंदीची धार सरकते, दगडाला वळसा घालते, दुसऱ्या धारेला मिळते. ही गिरिजा पुढे फुलंब्रीकडून पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, पैठणच्या बऱ्याच खाली. म्हणजे आमच्या डोक्यावर पडलेलं हे पाणी आमच्या नळाला कधीच येत नाही. परभणीकडच्या कुणाच्या तरी शेताला लागतं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ त्या धारेत हात बुडवून बसली, आणि मग म्हणाली, "मग त्यांना आपणच पाठवतो ना?" हो, आपणच.

वेरूळला उतरेपर्यंत दुपार कलते. घृष्णेश्वराचं दर्शन आईसाठी. श्रावणात रांग मोठी, पण अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या त्या लाल दगडाच्या देवळाच्या भिंती भिजल्यावर इतक्या उजळतात की उभं राहणं जड जात नाही. मग लेणी. कैलास मी उन्हाळ्यात पाहिला आहे, हिवाळ्यात पाहिला आहे, पण तो पावसाचाच आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वरून खाली कोरत आणलेला हा अखंड डोंगर. कोरणाऱ्यांनी माथ्यावर पहिली छिन्नी लावली तेव्हा तळ कुठे येणार ते त्यांच्या मनात होतं. पाऊस पडतो तोही त्याच वाटेने, शिखरावरून सज्जावर, सज्जावरून हत्तींच्या पाठीवर, तिथून अंगणात. कोरडा असताना करडा दिसणारा बेसाल्ट ओला झाला की काळाभोर होतो आणि मूर्तींचे खांदे चमकायला लागतात.

२९ क्रमांकाच्या लेण्याशेजारी कड्यावरून वेळगंगा खाली झेपावते. खालच्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. जानेवारीत इथे कोरडा खडक असतो. श्रावणात मात्र बोललेलं ऐकू येत नाही, तुषार पार लेण्याच्या ओसरीपर्यंत येतात आणि अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. पाण्याची टंचाई सोसलेली माणसं पाण्यापुढे कशी उभी राहतात ते तिथे बघावं. फोटो काढून होतात, पोरं ओरडून दमतात, तरी निघायचं नाव कुणी घेत नाही.

मग मला त्या भिक्खूंची आठवण येते, जे या डोंगरांत पावसाळ्यासाठी मुक्कामाला येत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने एका जागी राहायचं, हिंडायचं नाही, कारण पावसात वाट तुडवली तर कोवळी तृणं आणि बारीक जीव पायाखाली मरतात. वर्षावासाचा हा नियम. कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी, अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी इसवी सनाच्या आधीची. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात प्रत्येक खोलीत दगडाचे दोन ओटे आहेत, निजायला. समोर वाघूर नदीचं वळण. गवत वाढू द्यावं म्हणून माणसांनी तीन महिने पाय आवरले आणि त्या थांबण्यातून ही लेणी झाली, असं मला त्या धबधब्यापाशी वाटतं. आमच्या शहरातल्या विहारांत आजही वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. आमच्या शेजारच्या मावशी पांढरी साडी नेसून पावसातही वाचनाला जातात. या डोंगरांतला पावसाळा त्यांच्याही घरी येतो.

श्रावणात शुक्रवारी परतायला उशीर झाला तर वाटेत भद्रा मारुतीला पायी निघालेले भेटतात. शनिवारच्या दर्शनासाठी शहरातून रात्रभर चालत येणारी पोरं, बाया, म्हातारी माणसं. कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं, कुणी नुसतंच भिजत. वाटेत लोक त्यांना चहा देतात, केळी देतात. आमची गाडी हळू होते, मुलं काच खाली करून ओरडतात, तिकडूनही उत्तर येतं.

यंदा घरी आल्यावर भाचीने नकाशा मागितला. गिरिजा कुठून कुठे जाते ते तिने निळ्या पेन्सिलीने काढलं, मग मलिक अंबरची नहर कुठून यायची ते विचारलं. मला सगळं सांगता येईना, तेव्हा आत्या पुढे सरसावली. नहरीचे जुने बंबे कुठे कुठे उभे आहेत ते तिला ठाऊक आहे, लहानपणी त्यांच्याभोवती ती लपाछपी खेळली आहे. पुढच्या रविवारी म्हैसमाळ नाही, हर्सूलच्या बाजूला जायचं ठरलंय. धपाट्यांचं पीठ आत्याच भिजवणार आहे.