मोटर गेलीय म्हणे

6,840 रुपयांचं ते बिल मी अजून फाडलेलं नाही. ‘विंडो मोटर विथ रेग्युलेटर, फ्रंट राइट’ असं त्यावर छापलंय, मजुरी खाली वेगळी. मोटर खरंच गेली असती तर पैशांचं काही वाटलं नसतं.

जुलैत साताऱ्याहून मेढ्याला निघाले होते. मक्याचं कणीस घ्यायला काच खाली केली, ती खालीच राहिली. त्या पट्ट्यातला जुलैचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. घरी आल्यावर मुलाने फ्यूज बॉक्स उघडून 30 अँपिअरचा हिरवा फ्यूज उजेडात धरून बघितला. तार शाबूत होती. मग गाडी सर्व्हिस सेंटरला.

तिथल्या ॲडव्हायझरने बटन दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, मोटर गेलीय. या मॉडेलला जातेच.” मोटर सुटी मिळत नाही, काचेच्या मशीनसकट अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. संध्याकाळी त्याने काच वरखाली करून दाखवली, मी सही केली.

थोड्याच दिवसांत काच पुन्हा बंद. या वेळी वर अडकली, एवढं नशीब.

“आता स्विच गेलाय,” तोच ॲडव्हायझर म्हणाला.

मी म्हटलं, “अहो, मग आधीही स्विचच गेला नसेल कशावरून? मोटर का बदलली?”

“पण मोटर बदलल्यावर काच चालली ना मॅडम?”

चालली होती. खोटं कसं बोलणार?

“मग मोटरच खराब होती.”

या युक्तिवादाला उत्तर काय द्यायचं ते मला त्या काउंटरवर सुचेना. लक्षण तेच, काच तीच, मग एकदा मोटर आणि एकदा स्विच कसं? मीटर लावून मोटरपर्यंत करंट येतोय का हे बघितलं होतं का, असं विचारलं. तर “कॉमन प्रॉब्लेम आहे हा.” मॅनेजर आले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काम पूर्ण, ग्राहक समाधानी, खाली माझी सही. वर आवाज मऊ करून विचारलं, “घरात आणखी कोणी गाडी चालवतं का? बटन जोरात दाबत असतील.” बटन! इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला बटन कसं दाबायचं ते शिकवत होते. तेव्हा मी जुनी मोटर मागितली. ती आधी ‘स्क्रॅपला गेली’ होती, मग अर्ध्या तासाने सापडली.

पोवई नाक्याजवळ एका मिस्त्रींकडे गेले. वय झालेला माणूस, फक्त वायरिंगची कामं करतात. त्यांनी डोअर पॅडला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, “ताई, मी बटन दाबून धरतो, तुम्ही दार सावकाश उघडत न्या.” दार अर्धं उघडलं आणि काच झटक्याने दोन बोटं खाली आली. आणखी उघडलं तर थांबली.

“वायर,” ते म्हणाले.

दार आणि खांब यांच्यामध्ये घड्याघड्यांची रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दार उघडलं-मिटलं की त्या वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं. त्यांनी नळी मागे सारून एक जाड वायर चिमटीत धरून ओढली. एका जागी ती लवचिक इलॅस्टिकसारखी ताणली गेली. वरचं आवरण धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. नवी असेंब्ली बसवताना दारातल्या वायरी हलल्या असणार, तुटकी टोकं तात्पुरती टेकली असणार आणि काच ‘दुरुस्त’ झाली. मिस्त्रींनी थोडा जास्तीचा तुकडा जोडला, डाख दिला, वर स्लीव्ह चढवली. 300 रुपये. मग माझी जुनी मोटर बॅटरीला लावली. फिरली. वायरी उलटसुलट केल्या, तर उलटी फिरली.

तेव्हापासून कोणाची काच अडकली की मी विचारते: आतला दिवा लावून बटन दाबलं का? दिवा मंदावला तर मोटर करंट खातेय, काच कुठेतरी जाम आहे. नुसतंच शांत असेल तर आधी फ्यूज, मग दार उघडता-मिटता बटन दाबून बघायचं, मग बटन दाबून धरून दारावर आतून बुक्की मारायची. बुक्कीने चालली तर मात्र मोटरचे ब्रश झिजलेले असू शकतात. आणि काम कुठेही करा, जुना पार्ट मागून घ्या.

आमची जुनी मारुती 800 हँडलची होती, तिच्यात ही भानगडच नव्हती, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होते. अर्थात डावीकडची काच लावायला घाटात गाडी थांबवावी लागायची, ते सांगत नव्हते. त्या ॲडव्हायझरबद्दलही आता तितकी खात्री वाटत नाही. त्याने काच चालताना स्वतः बघितली होती. लबाडीच केली असं नाही म्हणता येणार. पण मीटर लावायला पाच मिनिटं लागतात, ती त्याला कोणी देत नसेल तर भुर्दंड मी का भरायचा?

लेखी तक्रार केली. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या मजुरीवर 10 टक्के सवलतीचं कूपन मिळालं. सर्व्हिसिंग अजून त्यांच्याकडेच करते. दिवाळीआधी ते कूपन वापरलं.