'हे'ची मॉड आणि तिचा नवरा

वेल्सच्या सरहद्दीवर 'हे' नावाचे एक गाव आहे. पूर्ण नाव हे-ऑन-वाय, म्हणजे वाय नदीकाठचे हे. मराठी माणसाने या नावाचा उच्चार केला की विनोद आपोआप होतो. "कुठं निघालात?" "हे." "हे म्हणजे?" आणि "आमचे हे 'हे'ला गेलेत" हे तर ठरलेलेच. जुन्या पुस्तकांचे गाव म्हणून आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन आले असतील. रिचर्ड बूथ या अवलिया पुस्तकविक्रेत्याने १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला तिथला राजा म्हणून जाहीर केले होते, तेही ऐकले असेल. पण गावाच्या मधोमध जो किल्ला उभा आहे त्याच्या जुन्या मालकांची हकीकत, पुस्तकांच्या पिशव्या सांभाळण्याच्या नादात राहूनच जाते. आम्ही चौघे, म्हणजे दोन जोडपी आणि एक गाडी, एक शनिवार-रविवार गाठून खास त्या हकीकतीसाठी गेलो.

मालक म्हणजे ब्रोझ घराणे. मूळचे नॉर्मंडीतल्या ब्रियूझ गावचे. १०६६ च्या स्वारीनंतर त्यांना ससेक्समधले ब्रॅम्बर मिळाले आणि ते इंग्लंडचे सरदार झाले. आमच्या गोष्टीतला विल्यम द ब्रोझ हा ब्रॅम्बरचा चौथा धनी. त्याच्या आईकडून ब्रेकन आणि अ‍ॅबरगॅव्हेनी हा वेल्सचा मुलूख घरात आला, आणि तिथूनच सगळे सुरू झाले.

लंडनहून एम-४ ने सेव्हर्नचा पूल ओलांडायचा. (पुलावरचा टोल डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाला, तेवढेच चहाचे पैसे सुटतात.) न्याहारी करून निघालो तर जेवणाच्या सुमारास अ‍ॅबरगॅव्हेनी येते. किल्ल्याच्या भिंती पडक्या आहेत. मधल्या टेकाडावर जी धड इमारत दिसते ती १९ व्या शतकातली, शिकारीला येणाऱ्यांसाठी बांधलेली. तिच्यात आता म्युझियम आहे. हिरवळीवर बसून दशम्या आणि लसणीची चटणी सोडली. दशमी हातात असतानाच आमच्यातल्या एकाने वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि घास तोंडातच फिरू लागला.

११७५ चा नाताळ. विल्यमने शेजारचा वेल्श सरदार सायसिल्त याला त्याच्या माणसांसह याच किल्ल्यात बोलावले. पाहुणे दालनात आले आणि विल्यमच्या माणसांनी त्यांना कापून काढले. तेवढ्यावर थांबले नाहीत. तसेच घोडे फेकत सायसिल्तच्या घरी गेले, त्याची बायको ग्वलाडुस हिला धरले आणि मुलगा काडवालाडर याला तिच्यासमोर मारले. पोर सात वर्षांचे होते. विल्यमच्या मामाला वेल्श लोकांनी मारले होते, त्याचा म्हणे हा सूड. दार उघडून आत घेतलेल्या माणसाच्या मानेवर सुरी ठेवायची ही रीत वेल्श लोक विसरले नाहीत. ११८२ साली त्यांनी हा किल्ला घेतला. तेव्हाचे त्यांचे बाण बुरुजाच्या चार बोटे जाडीच्या ओक लाकडी दारातून आरपार गेले होते, आणि ते तसेच आठवणीसाठी दारात राहू दिले होते, असे जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवले आहे.

हा जेराल्ड धर्माधिकारी, ब्रेकनचा आर्चडीकन, म्हणजे विल्यमच्याच मुलखात राहणारा. ११८८ च्या प्रवासवर्णनात तो विल्यमची तारीफ करतो. स्वारी इतकी देवभोळी, की प्रत्येक पत्रात देवाचे नाव इतक्यांदा घालायची की लेखनिक कंटाळून जात, आणि त्याबद्दल त्यांना सोन्याचे नाणे वरकड मिळे! जेराल्ड बायकोचीही स्तुती करतो: शहाणी, शीलवान, घर राखणारी आणि वाढवणारी. आमच्या मते जमीनदाराच्या सावलीत बसून लिहिलेले कौतुक अर्धे सोडूनच वाचावे. पण बायकोपुरते मात्र ते खरे असावे. तिचे नाव मॉड, ऊर्फ मटिल्डा द सेंट व्हॅलरी.

संध्याकाळी ब्लॅक माउंटन्सच्या कडेकडेने हेला पोचलो. गावात विल्यमचे नाव कोणी फारसे घेत नाही, मॉड मात्र घरोघरी ठाऊक. तिची झाली आहे राक्षसीण! 'मॉल वॉलबी' नावाने. तिने एका रात्रीत किल्ला बांधला, ओच्यात दगड वाहून आणले. त्यातला एक खडा चपलेत टोचला म्हणून झटकला, तो नदीपलीकडे तीन मैलांवर लोझच्या चर्चच्या आवारात पडला. हा 'खडा' म्हणजे माणसापेक्षा उंच असा कोरीव क्रूस आहे आणि १९५६ सालापासून चर्चच्या आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिला. वहिनी म्हणाल्या, "एवढा दगड बुटात टोचला म्हणजे बाईचा पाय केवढा असेल हो!" जवळच्या पेन्सकॅसलच्या किल्ल्यालाही जुन्या कागदांत मटिल्डाचाच किल्ला म्हणत. बाई नवऱ्यामागे नुसती उभी राहणारी नव्हती हे उघड आहे.

हेचा किल्ला मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली लोकांना खुला झाला. कमानीतल्या जुन्या लाकडी दारांपाशी उभे राहून पुढची गोष्ट वाचली.

जॉन राजा गादीवर आला तेव्हा विल्यम त्याच्या अगदी मर्जीतला. १२०२ मध्ये मिरबो इथे राजाचा पुतण्या आर्थर पकडला गेला, तो पकडणारा विल्यमच. पुढच्या वर्षी आर्थर रूआँच्या कैदेतून नाहीसा झाला. त्याच सुमारास विल्यमच्या पदरात आयर्लंडमधले लिमरिक पडले, वेल्समधले गावर पडले. लिमरिकसाठी ५००० मार्क द्यायचे ठरले होते. (मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश.) ते त्याने फारसे दिलेच नाहीत, आणि राजानेही कितीतरी वर्षे मागितले नाहीत. मर्जी असते तोवर कर्ज हे कर्ज नसते.

१२०८ मध्ये मर्जी फिरली. राजाने सरदारांकडे ओलीस म्हणून मुले मागितली. राजाची माणसे ब्रोझांच्या दारी आली तेव्हा मॉड पुढे झाली आणि बोलून गेली, की ज्याने सख्ख्या पुतण्याचा घात केला त्याच्या हाती माझी मुले देणार नाही. रॉजर ऑफ वेंडोव्हर या बखरकाराने हे नोंदवले आहे. विल्यमने तिला तिथल्या तिथे झापले. पण जे बोलायचे नाही असे सगळ्यांनी ठरवलेले होते, ते बाई बोलली होती.

मग पळापळ. कुटुंब आयर्लंडला, जावई वॉल्टर द लेसीच्या आसऱ्याला गेले. १२१० मध्ये राजा फौज घेऊन तिकडे उतरला. मॉड आणि थोरला मुलगा विल्यम स्कॉटलंडकडे निसटले, तिथे गॅलोवेत पकडले गेले. सुटकेसाठी ठरलेली खंडणी चाळीस-पन्नास हजार मार्कांची! ती कुठून येणार? विल्यम पैसे आणतो म्हणून सुटला तो शोरहॅमहून भिकाऱ्याच्या वेषात फ्रान्सला गेला. बायको आणि मुलगा मागेच राहिले. कॉर्फ किल्ल्यात (काही बखरी विंडसर म्हणतात) त्या दोघांना कोंडून उपाशी मारले. एका फ्रेंच बखरीत अकराव्या दिवशी दार उघडल्याची हकीकत आहे. ती आम्ही गाडीत वाचायला घेतली होती, अर्ध्यात थांबलो. आईच्या आणि मुलाच्या देहांची ती स्थिती इथे लिहवत नाही.

राजाने लगोलग एक लांबलचक खुलासा काढला, तो आजही उपलब्ध आहे. त्यात सगळा हिशेब आहे: किती देणे, किती थकले, कुठे चुकवले. आर्थरचे नाव नाही.

"पण सायसिल्तच्या पोराचं?" परतीच्या वाटेवर गाडीत यावर चांगलीच जुंपली. एकाचे म्हणणे, विल्यमला त्याच्या कर्माचे फळ मिळाले. वहिनी म्हणाल्या, "त्याला कुठं मिळालं? तो अंथरुणात मेला. मिळालं ते बायकोला आणि मुलाला." विल्यम १२११ च्या ऑगस्टमध्ये कॉर्बेल इथे वारला. पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठात त्याला पुरले आणि अंत्यविधी केला तो स्टीफन लँगटनने, जॉनशी भांडण होऊन परदेशी बसलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपने. तो मठ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पाडला गेला. आज तिथे विद्यापीठ आहे.

या लँगटनचेच नाव पुढे १२१५ च्या मॅग्ना कार्टाशी जोडलेले आहे. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणा स्वतंत्र माणसाला कैद करू नये, त्याची मालमत्ता घेऊ नये, हे त्यातले ३९ वे कलम. ते लिहिताना सरदारांच्या डोळ्यांपुढे ब्रोझ कुटुंब होते, असे अनेक इतिहासकार मानतात. घराण्याचे पुढचे तर विचारूच नका. धाकटा मुलगा रेजिनाल्ड याने वेल्सचा राजा लुवेलिन याची मुलगी केली, म्हणजे ज्यांचे गळे बापाने कापले त्यांच्यातच सोयरीक. आणि रेजिनाल्डच्या मुलाला, तोही विल्यमच, त्याच लुवेलिनने १२३० मध्ये फासावर दिले. राजाच्या बायकोच्या, म्हणजे जॉन राजाच्या अनौरस मुलीच्या, दालनात तो सापडला होता.

हेरफर्डच्या दक्षिणेला चारेक मैलांवर एकॉनबरी आहे, तिथे मुद्दाम थांबलो. मॉडची मुलगी मार्गारेट, वॉल्टर द लेसीची बायको, हिने तिथे जोगिणींचा मठ काढला. आई, बाप आणि भाऊ यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. त्यासाठी जंगलातली जमीन दिली खुद्द जॉन राजाने, १० ऑक्टोबर १२१६ रोजी. तेव्हा तो आजारी होता, नवव्या दिवशी गेला. मार्गारेटने त्याच्याकडेच पदर पसरला आणि त्यानेही दिले.

मठाचे चर्च अजून उभे आहे. दार बंद होते, म्हणून बाहेरूनच फेरी मारली. ए-४९ वरून आत वळायचे, गल्ली अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यावी लागते.